चौथी वाटी

आमच्या गाडीला चेन नाही.
इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत एक लोखंडी दांडा फिरतो,
आणि जिथे तो चाकाच्या कुशीत शिरतो
तिथे फुलीसारखा सांधा:
चार टोकांना चार वाट्या,
वाट्यांत सुयांसारखे रोलर,
आणि चौघींना मिळून ग्रीस पाजायला
एकच निपल, वाटाण्याएवढं, आतल्या अंगाला.

ते तिथे बसवणाऱ्याला एकदा भेटायचंय,
आबा दर सप्टेंबरात म्हणायचे.
भांडायला नाही.
नुसता हात बघायचाय त्याचा.

आबांचा हात म्हणजे फावडं.
अडलेल्या गाईत तो खांद्यापर्यंत जायचा,
वासराचे दुमडलेले पाय चाचपून सरळ करायचा;
बारगुझिनच्या खोऱ्यातल्या पाच वस्त्या
रात्री-अपरात्री दार वाजवायच्या त्या हातासाठी.
इथे मात्र तो मनगटाच्या अलीकडेच अडायचा.

म्हणून मी.
“यांजिमा, बाही वर कर.”

ग्रीसचा डबा रात्रभर चुलीशी असायचा,
दुधाच्या चहाशेजारी,
आणि आईची कुरकुर, की चहाला ट्रॅक्टरचा वास येतो.
सकाळी साइडकारमधले दुधाचे कॅन उतरवायचे,
गाडी न्यूट्रलला,
मी गारठलेल्या अंगणात पोटावर,
आबा चाक ढकलतायत बोटभर, बोटभर,
आणि फटीत निपल उगवलं की मी ओरडायची: थांबा!
मग फ्रेमच्या खालून हात, मग कोपर,
मग मनगट अशा बाजूला वळवायचं
जिकडे मनगट वळत नाही.
नळीचं तोंड बसलं की खट्.
आबा दाबायचे.
आधी काळं यायचं, लोखंडाच्या भुकटीसकट,
मग पिवळं, मऊ.
पहिली वाटी. दुसरी. तिसरी.
चौथी रुसलेली.
तिच्यासाठी चाक मागेपुढे हलवायचं, पुन्हा दाबायचं,
पुन्हा हलवायचं,
ओझ्यातून तिला जरा मोकळं करायचं, तेव्हा कुठे.

दहाव्या वर्षी एकदा थंडीनं बोटं मेली होती.
मी म्हटलं, आली.
चारही आल्या.

जानेवारीत, गोठलेल्या नदीवर,
गवताचा भारा आणताना सांधा तुटला.
आबा चौदा किलोमीटर चालत आले,
भुवयांवर बर्फ,
खिशात ती वाटी.
आतल्या सुयांचा तांबडा भुगा झालेला.
त्यांनी ती खिडकीत ठेवली, बटणांच्या डबीजवळ.
मला काही विचारलं नाही.
पुढच्या सप्टेंबरात एवढंच म्हणाले,
मोजून सांग. मोठ्यानं.
आणि मी मोजत राहिले एकोणीस सप्टेंबर,
हात मोठा झाला, अंगठीपाशी अडू लागला,
अंगठी काढून मोजत राहिले.

गेल्या वर्षी माझं कोपर फ्रेमखाली शिरेना.
उलान-उदेच्या इस्पितळातून आबा नुकतेच परतले होते,
कोट तेवढा पूर्वीच्या मापाचा उरलेला.
म्हणाले, सरक.
गुडघ्यांच्या वाट्या वाजवत खाली बसले, मग आडवे झाले,
आणि हात घातला.
गेला.
मनगट गेलं, कोपर गेलं.
हसले असावेत, मला पाठच दिसत होती.
“अस्सं,” म्हणाले,
“म्हणजे त्या माणसाचा हात असा होता तर.”

मी दाबत होते.
एक, ते म्हणाले. दोन.
तीन.
मी चाक मागेपुढे केलं.
बराच वेळ काही नाही.
कुत्रं येऊन त्यांच्या बुटांचा वास घेऊन गेलं.
चार, ते म्हणाले.

मी वाकून पाहिलं नाही.
चिंधी दिली त्यांना,
कॅन परत साइडकारमध्ये चढवले
आणि दूध घालायला गेले,
नदीपलीकडे, त्याच गाडीवरून.